व्यसनमुक्ती केंद्र सुधारायचे तर पेशंटचे म्हणणे कसे घ्यावे?

प्रश्न मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचा आहे. तिथे वीस खाटांचे व्यसनमुक्ती केंद्र चालते. विश्वस्तांना वाटते, इथून बरे होऊन गेलेल्या चार-सहा जणांची समिती करावी आणि उपचारांत काय बदलायला हवे ते त्यांना विचारावे. आठवड्यातून एकदा येणारे मानसोपचारतज्ज्ञ म्हणतात, हे लोक नुसत्या तक्रारी करतील आणि औषधांत ढवळाढवळ करतील. केंद्रप्रमुखांची धास्ती वेगळीच आहे: समितीतलाच एखादा पुन्हा प्यायला लागला, तर गावात तोंड कसे दाखवायचे? मी समाजकार्यकर्ती आहे. व्यसनमुक्तीच्या वॉर्डांत माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. तिन्ही मुद्द्यांवर सविस्तर लिहिते.

समिती जरूर करा. पण आधी एक फरक लक्षात घ्या. स्वतः व्यसनातून गेलेली माणसे उपचारात हवीत, हे महाराष्ट्राला नव्याने सांगायची गरज नाही. १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केले. तिथे बरे झालेले मित्रच पुढे कार्यकर्ते, समुपदेशक झाले. त्याआधी १९८१ मध्ये मुंबईत फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केले. आपण स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलो, हे ते जाहीरपणे सांगत आले आहेत. 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' (ए.ए.) ही दारू सोडू पाहणाऱ्यांची परस्परमदतीची संघटना तर १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन दारुड्यांच्या भेटीतूनच उभी राहिली. त्यातला एक शेअर दलाल होता, दुसरा सर्जन. आज आपल्याकडच्या अनेक केंद्रांत वॉर्ड सांभाळणारा माणूस आधी तिथलाच पेशंट असतो.

तरीही त्यातल्या किती जणांना आपण कधी विचारले आहे, की दाखल करण्याची आपली पद्धत बरोबर आहे का? फी कशी ठरते? कोणाला किती दिवस ठेवायचे, घरचे कधी भेटू द्यायचे, फॉलोअप कसा घ्यायचा? त्यांची कहाणी आपण ऐकतो. सोब्रायटीच्या, म्हणजे व्यसन सुटल्याच्या, वाढदिवसाला मंचावर बोलावतो, मेडल देतो, नव्या पेशंटपुढे आदर्श म्हणून उभे करतो. निर्णय मात्र डॉक्टर, प्रमुख आणि विश्वस्त घेतात. बरा झालेला माणूस वॉर्डात असणे आणि वॉर्ड कसा चालावा यात त्याचा शब्द चालणे, या निराळ्या गोष्टी आहेत. तुमच्या विश्वस्तांच्या मनात दुसरी गोष्ट आहे असे मी धरते, कारण पहिली तुमच्याकडे बहुधा आहेच.

आता समितीत कोण असावे? 'बरे होऊन गेलेले' एवढीच अट ठेवलीत तर तुम्हाला तुमचेच कौतुक ऐकू येईल. जो पाच वर्षे सोबर आहे त्याला तुमचा उपचार लागू पडला. तो कृतज्ञ आहे, आणि तुमच्या कडक शिस्तीमुळेच मी वाचलो असे तो मनापासून सांगेल. त्याचे म्हणणे खरेच आहे, पण ते त्याच्यापुरते. तुमचा उपचार कुठे तुटतो हे ज्यांना माहीत आहे ती माणसे वेगळी: चौथ्या दिवशी सही करून निघून गेलेला, तीनदा दाखल होऊन तीनदा परत प्यायलेला, घरच्यांनी जीपमध्ये घालून आणलेला, आणि फोनवर चौकशी करून कधीच न आलेला.

या शेवटच्या माणसाचा विचार फार कमी होतो. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेले व्यसनांचे देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये जाहीर झाले. त्यानुसार दारूवर अवलंबून असलेले सुमारे २.९ कोटी लोक देशात आहेत. त्यातल्या ३८ जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाला होता, आणि भरती होऊन उपचार मिळाला तो १८० जणांत एकाला. म्हणजे तुमच्या वीस खाटा भरलेल्या असल्या तरी तुमच्या तालुक्यातले बहुतेक पेशंट तुमच्या रजिस्टरात नाहीत. ते का येत नाहीत, हे आलेल्यांना विचारून अर्धेच कळते.

तुमच्या भागापुरते उदाहरण घेऊ. ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या आसपास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत सांगली-कोल्हापूर किंवा कर्नाटकात असतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, ती फेडायची असते. अशा माणसाला 'महिनाभर भरती राहा, मग दर पंधरा दिवसांनी फॉलोअपला या' असे सांगणे म्हणजे त्याला नाही म्हणणेच आहे. आपल्या नोंदवहीत तो 'फॉलोअप चुकवला' म्हणून जातो. हेच ऊसतोड केलेल्या एखाद्या जुन्या पेशंटला विचारा. तो सांगेल की भरती करायची तर गुढीपाडवा उलटल्यावर, उचल पुन्हा अंगावर यायच्या आत. आणि हंगामात भेट होणार नाही, रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर, परतल्यावर फोन मात्र होतो. तिकडच्या ए.ए. गटाचा पत्ता निघण्यापूर्वी हातात असेल तर काही जण जातातही. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कळले नाही, पेशंटनीच शिकवले.

तेव्हा सहा ते आठ जणांचा गट करा, आणि त्यात निम्मे तरी असे घ्या ज्यांचा तुमच्याकडचा उपचार अर्धवट राहिला किंवा टिकला नाही. दोन जागा बायकांना द्या: एखाद्या पेशंटची बायको किंवा आई, आणि शक्य असेल तर स्वतः व्यसनातून गेलेली एखादी स्त्री. ती सहज मिळणार नाही. तंबाखू-मिश्रीपलीकडचे व्यसन असलेल्या बाईला आपल्याकडे घरातच दडवले जाते आणि बहुतेक केंद्रे पुरुषांसाठीच बांधलेली असतात. मिळाली तर तिला एकदम सगळ्या पुरुषांसमोर बसवू नका. आधी वेगळे भेटा, सोबत कोणाला आणायचे तेही तिलाच ठरवू द्या.

पेशंटच्या बायका हा दुसरा मोठा ज्ञानाचा साठा आहे, आणि त्यांचे म्हणणे नवऱ्याच्या म्हणण्याशी जुळेलच असे नाही. नवरा म्हणतो, केंद्रातून फोन आला की घरातले सगळे माझ्याकडे संशयाने बघतात. बायको म्हणते, फोन मलाच करा, तो खोटे सांगतो. दोघेही आपापल्या जागी खरे असतात. आम्ही यावर असे ठरवले की पहिला फोन त्याला करायचा, बायकोला करायचा तर त्याला सांगून करायचा, आणि तिला स्वतःसाठी बोलायचे असेल तर त्यासाठी वेगळी वेळ ठेवायची. हा तोडगा आमच्या केंद्रातल्या अशाच समितीतल्या एका बाईंनी सुचवला. त्यांचे म्हणणे, 'मला त्याच्याबद्दलच विचारतात, माझी झोप कशी आहे ते कोणी विचारत नाही.'

विचारायचे काय, यावर बराच वेळ घालवा. 'आमची सेवा कशी वाटली?' या प्रश्नाला 'छान' हेच उत्तर येते, विशेषतः गेटची किल्ली ज्याच्या खिशात आहे तोच विचारत असेल तर. म्हणून सध्या भरती असलेल्या पेशंटला केंद्राच्या कर्मचाऱ्याने विचारूच नये. समितीतल्या जुन्या पेशंटने विचारावे, नाव न लिहिता. आणि मत विचारण्यापेक्षा घडलेले विचारावे. पहिला फोन कोणी केला, पलीकडून काय उत्तर आले? गेटमधून आत आल्यावर पहिल्या तासात काय काय झाले? पहिल्या रात्री कोण जवळ होते? घरी जाताना हातात काय होते? पहिल्या फोनपासून घरी गेल्यानंतरच्या तिसऱ्या महिन्यापर्यंतची वाट अशी टप्प्याटप्प्याने कागदावर उतरवली, की खड्डे कुठे आहेत ते आपोआप दिसतात.

पहिल्या तीन रात्रींबद्दल मला जरा जास्त सांगायचे आहे, कारण सर्वांत जास्त माणसे तिथेच पळून जातात. दारू अचानक बंद झाली की हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपल्याला मारायला कोणी आले आहे असे वाटते. डॉक्टरांना हे सगळे ठाऊक असते आणि गोळ्या त्यासाठीच दिलेल्या असतात. पण पेशंटला ते कोणी सांगितलेले नसते. त्याला वाटते आपल्याला वेड लागले, किंवा या लोकांनी काहीतरी टोचून आपल्याला असे केले. जुन्या पेशंटना विचारले तर पुन्हा पुन्हा हेच येते: त्रासापेक्षा तो किती दिवस टिकणार हे माहीत नसण्याची भीती जास्त होती. त्यावर उपाय स्वस्त आहे. समितीतल्या दोघा-तिघांनी मिळून त्यांच्याच बोलीत एक पानभर मजकूर लिहायचा: पहिल्या दिवशी काय होते, तिसऱ्या दिवशी काय होते, कधी ओसरते, कोणती गोळी कशासाठी, बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन का देतात. डॉक्टरांनी तो तपासायचा. दाखल होताना पेशंटला आणि सोबतच्या माणसाला वाचून दाखवायचा, कारण त्या वेळी स्वतः वाचण्याची अवस्था नसते. आणि पहिल्या रात्री, जमेल तिथे, यातून गेलेला एक जण खाटेशेजारी बसवायचा.

बाकीच्या गोष्टी मी भरभर सांगते. शनिवारी डिस्चार्ज देऊ नका. दुसऱ्या दिवशी रविवार, काम नाही, मित्र मोकळे. ज्या दिवशी गावचा आठवडी बाजार असेल तो दिवसही टाळा. सकाळी घरी पोचेल आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाईल असा दिवस धरा. रात्री वॉर्डातला दिवा पूर्ण बंद करावा की मंद ठेवावा हेसुद्धा पेशंटनाच विचारा. भास होणाऱ्याला काळोखाची दहशत असते.

आता डॉक्टरांचा आक्षेप. 'तक्रारी करतील' हे खरे आहे, आणि ऐकण्याजोगे आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा कायदा दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत धरतो. त्यामुळे सेवेतल्या त्रुटींबद्दल तक्रार करण्याचा हक्क तुमच्या पेशंटला कायद्यानेच आहे. जिल्ह्यासाठी जे मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ असते, त्यातही दोन सदस्य आजारातून गेलेले, त्यांची काळजी घेणारे किंवा त्यांच्या संस्थांचे प्रतिनिधी असावेत असे कायदा सांगतो. तेव्हा समिती म्हणजे पेशंटवर केलेली मेहेरबानी किंवा डॉक्टरांवर घातलेले संकट, यातले काहीच नाही. याच कायद्यात आणखी एक कलम आहे जे आपल्या केंद्रांना टोचते: पेशंटकडून सक्तीने काम करून घेता येत नाही, आणि काम केले तर त्याचा योग्य मोबदला द्यावा लागतो. 'वर्क थेरपी' म्हणून संडास धुणे, पन्नास माणसांच्या पोळ्या लाटणे, प्रमुखांची गाडी पुसणे हे जिथे चालते तिथे समितीच्या पहिल्याच बैठकीत हा विषय निघेल. निघू द्या.

'औषधांत ढवळाढवळ' ही काळजी मात्र मला पोकळ वाटत नाही. ए.ए.मुळे सोबर झालेला माणूस कधी कधी मनापासून मानतो की गोळ्या म्हणजे एक नशा सोडून दुसरी धरणे. गर्दच्या व्यसनासाठी ब्युप्रेनॉर्फिन हे औषध घेणाऱ्याकडे तो तुच्छतेने बघतो. हे घातक ठरू शकते. गर्द सोडून महिनाभर भरती राहिलेल्याची सहनशक्ती उतरलेली असते. बाहेर पडून त्याने जुन्याच प्रमाणात घेतले तर जीव जाऊ शकतो, आणि औषधावर असलेल्याचे असे मरण टळण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून दोन गोष्टी करा. औषधावर बरा झालेला एक जण समितीत नक्की घ्या, म्हणजे 'अनुभव' एकाच रंगाचा राहणार नाही. आणि पहिल्याच दिवशी स्पष्ट लिहून ठेवा: कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टर आणि तो पेशंट ठरवतील. औषध कसे समजावून सांगितले जाते, कसे दिले जाते, त्याचा खर्च, त्याची टंचाई, त्याबद्दलची भीती यावर समिती बोलेल.

या दुसऱ्या भागात त्यांना डॉक्टरांपेक्षा जास्त माहिती असते. दारू सोडण्यासाठी देतात त्या डायसल्फिरामचेच बघा. ते घेतल्यावर दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो; क्वचित प्राणावर बेतते. ते पेशंटने समजून-उमजून, संमतीने घ्यायचे औषध आहे. आपल्याकडे भिंती-भिंतींवर 'न सांगता दारू सोडवा' अशा जाहिराती असतात, आणि गांजलेल्या बायका भाजीत, चहात काहीबाही मिसळतात. त्यात काय असते ते त्यांनाही ठाऊक नसते. डॉक्टरांसमोर हे कोणी कबूल करत नाही. समितीतल्या बायकांच्या तोंडून ते पहिल्या दोन बैठकांतच बाहेर येईल. मग त्यांनाच दर महिन्याच्या कुटुंबसभेत त्यावर बोलू द्या. डॉक्टरांच्या दहा भाषणांनी होत नाही ते तिथे होईल.

पेशंटचे शहाणपण डॉक्टरांच्या पुढे धावल्याची उदाहरणे आहेत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये १९८४ साली हिपॅटायटिस बी पसरत असताना वापरलेल्या सुया देऊन नव्या घेण्याची सोय सुरू झाली. ती मागणी ड्रग वापरणाऱ्यांच्याच संघटनेने लावून धरली होती. पुढे एचआयव्ही रोखण्यासाठी हाच मार्ग जगभर घेतला गेला. आपल्याकडे नॅकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, प्रकल्पांतही सुया देणारा आणि निरोप पोचवणारा 'पीअर एज्युकेटर' त्याच वस्तीतला असतो. लंडनच्या किंग्ज कॉलेजात जोआन नील आणि सहकाऱ्यांनी बरे होणे कशाने मोजावे हे व्यसनातून गेलेल्यांनाच विचारले आणि २०१६ मध्ये २१ प्रश्नांची 'शुअर' नावाची प्रश्नावली तयार केली. त्यात प्यायलास का, किती, हे आहेच. शिवाय राहायला जागा आणि पैसा, स्वतःची निगा, नाती, आयुष्याकडे बघण्याची दृष्टी हेही आहे. आपण मात्र अजून 'किती दिवस सोबर' एवढेच विचारतो आणि आकडा शून्यावर आला की बाकी सगळी कमाई शून्य धरतो. समितीला पहिल्या सहा महिन्यांत हे एक काम द्या: बरे चालले आहे हे कशावरून ओळखायचे, याचे दहा-बारा प्रश्न मराठीत, तुमच्या भागातल्या माणसाला कळतील असे. एका सदस्याने आम्हाला सुचवलेला प्रश्न होता, 'किराणा दुकानदार आता उधार देतो का?' तो मला कुठल्याही छापील प्रश्नावलीत सापडला नसता.

पैशांचे आधीच ठरवा. बैठकीला येणाऱ्याचा रोज बुडतो. तेवढा रोज आणि एसटीचे भाडे त्याला मिळालेच पाहिजे. डॉक्टरांना मानधन आणि याला चहा-बिस्कीट, हे चालायचे नाही. नुकताच सोबर झालेल्याला रोख रक्कम हातात पडणे जोखमीचे वाटते. काही जण स्वतःच म्हणतात, बायकोच्या खात्यात टाका. तेही त्यालाच विचारून करा, परस्पर नको. बैठक संध्याकाळी ठेवू नका. तो वेळ अनेकांचा प्यायचा असतो, आणि परतीची गाडी चुकली तर स्टँडवर काय आहे ते आपल्याला ठाऊक आहे. ज्याच्या हातात निर्णय आहे असा एक विश्वस्त प्रत्येक बैठकीला हजर असावा. समितीने सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे तीनपैकी एक उत्तर लिहून वॉर्डातल्या फळ्यावर लावा: केले, अमुक तारखेपर्यंत करू, किंवा करता येत नाही आणि का. दोन बैठका उत्तराविना गेल्या की चांगली माणसे येणे बंद करतात.

गुप्ततेबद्दल: समितीत असणे म्हणजे गावाला ओळख जाहीर करणे नव्हे. नावे फलकावर लिहू नका, फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका, ए.ए.मध्ये असलेल्यांची अनामिकता तर पाळायलाच हवी. कोणी आपणहून जाहीर बोलायला तयार असेल तरी त्याच्या घरच्यांना एकदा विचारा. मुलीचे लग्न ठरायचे असते, आणि बापाची हिंमत तिला भोवते.

आता केंद्रप्रमुखांची धास्ती. समितीतला कोणीतरी पुन्हा पिईल. आज ना उद्या होईलच असे धरून नियम आधी लिहा, सगळ्यांसमोर, सगळे सोबर असताना. आमच्याकडे ठरले ते असे. ज्याला रिलॅप्स होईल त्याची जागा तशीच राहील, फक्त तो बरा होईपर्यंत बैठकीला येणार नाही. त्याच्याशी समिती सदस्य म्हणून कोणी वागणार नाही. तो त्या काळात पेशंट आहे आणि त्याची माहिती इतर पेशंटइतकीच गुप्त आहे. गावात कोणी विचारले तर 'त्यांच्याबद्दल आम्ही बोलत नाही' एवढेच उत्तर सगळ्यांनी द्यायचे. पैशांची देवाणघेवाण सदस्यांनी आपसात करायची नाही, पेशंटशी तर मुळीच नाही. बरीच भांडणे आणि बऱ्याच जणांचे पुन्हा पिणे तिथून सुरू होते. केंद्रात नोकरीला असलेल्या जुन्या पेशंटसाठी महिन्यातून एकदा बाहेरच्या समुपदेशकाकडे बोलायची सोय हवी. दिवसभर इतरांचे दुःख ऐकून तो कोणाकडे जाणार?

आणि तो माणूस परत आला, सावरला, की त्याला समितीत नव्याने एक काम द्या. प्यायच्या आधीचे पंधरा दिवस कसे गेले ते त्याने, त्याची तयारी असेल तर, समितीला सांगावे. केंद्राचा नंबर त्याच्याकडे होता का? फोन केला होता का? किती वाजता, आणि कोणी उचलला? आमच्या एका सदस्याने असे सांगितले तेव्हा कळले, की आमचा फोन ऑफिसात होता आणि ऑफिस सहाला बंद व्हायचे. त्याने साडेआठला केला होता. आता तो मोबाइल रात्री अकरापर्यंत आळीपाळीने समितीतल्या दोघांकडे असतो. पाळीचे वेळापत्रक तेच लावतात, आणि त्या रात्रींचा मोबदला त्यांना मिळतो.